काचेवरची पंगत

आमच्या टेबलाला माणसाचं बोट आणि झेंडूचं फूल यांतला फरक कळत नाही. हे वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकात घाला असं मी सुचवलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मग एका दसऱ्याला मिशिगनमधल्या ट्रॉयहून एका काकांचा फोन आला. आवाज घाबरलेला. त्यांच्या बैठकीच्या खोलीतलं टेबल आपलं आपण खेळत होतं. लाल सोंगट्या पुढे चालल्या होत्या, हिरव्या मार खात होत्या, आणि खोलीत कोणी बोटसुद्धा लावत नव्हतं. मागून काकू म्हणत होत्या, आजच्या दिवशी हे शुभ आहे की अशुभ तेवढं आधी विचारा.

मी व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. गाडीची आणि लॅपटॉपची झाली तशी टेबलाचीही पूजा झाली होती. चारही कोपऱ्यांत हळदकुंकू, मधोमध झेंडूची रास, आणि हे सगळं चालू स्क्रीनवर. छतातून हीटरची हवा येत होती, तिने पाकळ्या सरकत होत्या, आणि टेबल इमानेइतबारे प्रत्येक पाकळीची चाल मान्य करत होतं.

"काका, फुलं जिंकतायत," मी म्हटलं. "उचला ती."

हा माझा धंदा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेलमधल्या एका लहानशा कंपनीत आम्ही जेवणाच्या टेबलाएवढे टचस्क्रीन बनवतो. भोवती चारसहा माणसांनी खुर्च्या ओढून बसायचं आणि काचेवर लुडो, सापशिडी, बुद्धिबळ, जे हवं ते खेळायचं. काचेच्या कडेला, चौकटीच्या आत, बारीक दिव्यांची रांग लपवलेली असते. त्या दिव्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो काचेला लागून या काठापासून त्या काठापर्यंत जातो, आणि जे काही मध्ये येऊन तो अडवेल ते टेबलाच्या लेखी बोट. मग ते खरं बोट असो, बांगडी असो, स्वेटरची बाही असो की पोह्यातला शेंगदाणा. म्हणून टेबलाच्या पोटात एक प्रोग्रॅम बसवलेला असतो. हात कुठला आणि कचरा कुठला, हे तो ठरवतो. त्याला आम्ही फिल्टर म्हणतो. या सगळ्या गोष्टीतला खलनायक शोधायचाच असेल तर तो हा फिल्टर, आणि तोही बिचारा वाईट नाही.

मी टेबलं बसवते, लोकांना शिकवते, आणि लोक चिडले की ऐकून घेते. कार्डावर माझा हुद्दा लांबलचक आहे. इचलकरंजीहून बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, म्हणजे नक्की करतेस काय? मी सांगते, लोकांच्या बाजूने टेबलाशी भांडते. मग त्यांना बरं वाटतं. त्यांचं आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये गेलं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, बाराखडीच्या आधी मला 'कामगारांनो' हा शब्द ओळखता येत होता. पत्रकाच्या तीन घड्या कशा घालायच्या, हे मला अजून झोपेत जमेल. बाबांचा नियम होता की पहिल्या ओळीने माणूस थांबला पाहिजे आणि शेवटी मागणी एकच पाहिजे. दोन मागण्या केल्या की मालक त्यांतली सोपी देतो.

ट्रॉयच्या त्या काकांकडे परत येते, कारण त्यांच्या घरचा एक माणूस पुढे लागणार आहे. टेबल त्यांना त्यांच्या मुलाने पाठवलं होतं. मुलगा म्हणजे ईशान. ट्रॉयमध्ये जन्मलेला, वाढलेला, आणि आता आमच्याच ऑफिसात माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसणारा. फिल्टर लिहिला तो त्यानेच. तरी काका तक्रार घेऊन यायचे माझ्याकडे. पोराला सांगितलं की तो इंग्लिशमध्ये चिडतो, असं त्यांचं म्हणणं. टेबल आलं त्याच महिन्यात त्यांचा पहिला फोन आला होता, की काचेवर कोणीतरी अदृश्य माणूस बोट ठेवून बसलाय आणि काही केल्या उचलत नाही. मी बराच वेळ एकेक शक्यता तपासत बसले आणि शेवटी विचारलं, "काका, वरचं प्लॅस्टिक काढलंत का?"

पलीकडून काकूंचं हसणं ऐकू आलं. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक अजून आहे, त्या म्हणाल्या, टेबलाचं काय घेऊन बसलीस. प्लॅस्टिकखाली हवेचा एक फुगा अडकला होता आणि टेबल त्यालाच बोट समजत होतं. काकांनी बराच वाद घातला आणि शेवटी फुग्यापुरतं प्लॅस्टिक कात्रीने कापून काढलं. बाकीचं आजही आहे.

आणखी एक घर आमच्या जवळच्याच रेडमंडचं. नवरा नागपूरचा, बायको कोल्हापूरची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. एका घरात दोन सोंगट्या बसल्या तर त्या मारता येतात की नाही, यावर त्यांचं भांडण झालं आणि निकालासाठी त्यांनी कंपनीला फोन केला. मी सांगितलं, आमचं टेबल निकाल देत नाही. नियम खेळणाऱ्यांनी ठरवायचे आणि डाव मांडण्याआधी टेबलाला सांगायचे. "यार, मग इतक्या महागाच्या टेबलाचा उपयोग काय?" नवरा म्हणाला. हाच तर उपयोग, मी म्हटलं. दोघंही फोन चालू ठेवून भांडत राहिले. भांडता भांडता टेबलाचा स्क्रीन झोपी गेला, तेव्हा बायको म्हणाली, बघ, यालासुद्धा तुझा नियम पटला नाही.

आता विजयामावशी.

बॉथेलच्या वाचनालयात आमचं एक टेबल आहे. मंगळवारी दुपारी तिथे मराठी ज्येष्ठ मंडळी जमतात. बहुतेक सगळे मुलांकडे येऊन राहिलेले. गाडी चालवत नाहीत, म्हणून कोणी सुनेच्या गाडीतून उतरतं, कोणी बसने येतं. सुरुवातीला टेबलाकडे बघून ते म्हणाले, बाई, आम्हाला काय करायचंय हे? पट म्हणजे एक कापड आणि चार कवड्या, त्याला वीज कशाला लागते? मुद्दा रास्त होता. मी म्हटलं, कापड जमिनीवर अंथरायचं तर बसणार कोण? गुडघे कोणाचे चांगले आहेत, हात वर करा. कोणी केला नाही. मग म्हणाले, बरं, त्यावर चल्लस-आठ आहे का?

नव्हता. विजयामावशींनी तो आमच्याकडून करून घेतला. मावशी अमरावतीच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, समोरच्या बोर्डात दोऱ्या खोचून त्यांनी अर्ध्या वऱ्हाडाला एकमेकांशी बोलायला लावलं होतं. ईशानला आणि मला त्यांनी कागदावर पाच गुणिले पाच घरं काढून सगळा खेळ सांगितला. जेवढ्या कवड्या उताण्या तेवढी घरं; चारही उताण्या पडल्या की चल्लस, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या की आठ. चल्लस किंवा आठ पडलं तर कवड्या आणखी एकदा टाकायच्या. फुलीच्या घरात सोंगटीला कोणी मारायचं नाही. आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायला मिळत नाही.

"सो यू हॅव टू किल समवन टू गो होम?" ईशान म्हणाला.

"हो रे बाप्पा," मावशी म्हणाल्या, "काऊन, तुमच्या ऑफिसात येगळं असते का?"

खेळ तयार झाला आणि वाचनालयातली शांतता संपली. कवड्या काचेच्या कोपऱ्यात दिसतात, तळहात फिरवला की पडतात. तरीही प्रत्येक जण आधी काचेवर फुंकर घालतो. टेबलाला फुंकर कळत नाही, मी हजारदा सांगितलं. मावशी म्हणाल्या, टेबलासाठी नाही घालत आम्ही. त्यामुळे मी पर्समध्ये काच पुसायचं फडकं बाळगते.

मावशींचे कायमचे प्रतिस्पर्धी म्हणजे पुण्याचे घाटपांडे काका. काका विचार करून खेळायचे आणि हरायचे. मावशी भरभर खेळायच्या, एकीकडे बोलायच्या, आणि काकांची सोंगटी घराच्या तोंडाशी आली की मारायच्या. "या पुन्हा," म्हणायच्या. "सावकाश या."

मग मावशींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग बराच. डॉक्टर, औषधं, सगळं झालं. त्या हाताने त्या चहा प्यायच्या, शेव करायच्या, फोनवर बोटाने अमरावतीच्या बहिणीचं नाव शोधायच्या. वेळ लागायचा, पण जमायचं. आमच्या टेबलावर मात्र जमेना. सोंगटीवर बोट टेकलं की ते थरथरायचं. टेबलाला एकाच्या जागी पाचसहा स्पर्श दिसायचे, इथे, शेजारी, पुन्हा इथे. फिल्टर ठरवायचा की हा कचरा आहे, आणि दुर्लक्ष करायचा. सोंगटी हलायचीच नाही. मावशी पुन्हा बोट लावायच्या आणि पुन्हा काहीच व्हायचं नाही. झेंडूच्या पाकळीला चाल मिळत होती आणि मावशींना मिळत नव्हती.

एका मंगळवारी घाटपांडे काकांनी सहज हात पुढे केला. "मी हलवून देतो हो तुमची," म्हणाले, आणि मावशींनी सांगितलेल्या घरात सोंगटी नेऊन ठेवली. मनात काहीच वाईट नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मग दोन्हीकडून तुम्हीच खेळा." आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पुढच्या मंगळवारी आल्या त्या सरळ खिडकीशी. तुम्ही खेळा, मी बघते, म्हणाल्या. त्यांच्याविना डाव इतका सभ्य झाला की कोणाला कंटाळा लपवता येईना.

माझ्या डोक्यात घरची सगळी पत्रकं एकदम उभी राहिली. मी ईशानला सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, ऐकल्या ऐकल्या कामाला लागला आणि दोन दिवसांत त्याने एक वेगळा मोड तयार केला. सेटिंगमध्ये जायचं, एका हाताचं चित्र दाबायचं, मग त्या खेळाडूपुरता फिल्टर सैल होतो. त्या खेळाडूच्या बाजूला काचेवर ते हाताचं चित्र दिसत राहतं, म्हणजे इतरांना कळावं. मी ते घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी ते चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे साऱ्यायच्या पानात साखरभात, आन् माह्या पानात पथ्याचं," त्या म्हणाल्या. "येका पंगतीत बसवायचं आन् येगळं पान वाढायचं. मी नाही बसत."

मी ऑफिसात हे सांगितलं, तर आमच्या साहेब लॉरा म्हणाल्या की मग एकच उपाय उरतो. ज्यांना जमत नाही त्यांची सोंगटी टेबलानेच चालवावी. कवड्या पडल्या की टेबल हिशोब करील, उत्तम चाल शोधील आणि सोंगटी नेऊन ठेवील. माणसाला काही करावंच लागणार नाही. नवी आवृत्ती महिनाभरात निघायची होती, त्यात हे घालायचं ठरलं. लॉरांच्या बाजूने सांगायचं तर त्यांना ही खरोखर दया वाटत होती. पण टेबल स्वतःच कवड्या टाकतं, स्वतःच चाल शोधतं, स्वतःच सोंगटी नेतं, मग माणूस तिथे कशाला बसलाय? खुर्ची गरम ठेवायला? मावशींना हरायचं असलं तर स्वतःच्या हाताने हरायचं होतं. घाटपांडे काकांनी जे चुकून केलं तेच आता आमची कंपनी गावोगावच्या टेबलांवर ठरवून करणार होती.

मी पत्रक काढलं. चॅटवर लिहिता आलं असतं, पण चॅटवरचं लिहिणं दुपारपर्यंत वर सरकून जातं, कागद मात्र उचलून टाकावा लागतो. वर देवनागरीत मोठ्या अक्षरांत 'पंक्तिप्रपंच', खाली इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ: एका ओळीत जेवायला बसलेल्यांपैकी कोणाला एक वाढायचं आणि कोणाला दुसरं. त्याखाली लिहिलं की हाताचा कंप हा कचरा नाही, हात आहे. बाबांसारख्या तीन घड्या घातल्या आणि सगळे यायच्या आत प्रत्येकाच्या कीबोर्डखाली एकेक सरकवलं.

परिणाम असा झाला की आमच्या अकाउंटंटने नवीन इंडियन रेस्टॉरंटचा मेन्यू समजून फोन नंबर शोधला. लॉरा म्हणाल्या, छान लिहिलंय, पण नुसता मेसेज केला असता तरी चाललं असतं. ईशान दुखावला. "इट्स नॉट अ कॉन्स्पिरसी," तो म्हणाला, "इट्स अ फिल्टर." त्याचं खरं होतं. पत्रकात मी त्याच्या फिल्टरला बरंच काही म्हटलं होतं, आणि शेवटचं विशेषण तर मलाही जरा जास्त वाटलं होतं.

रविवारी बाबांना फोनवर पत्रक वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मागणी कुठाय?"

मी कागद पुन्हा पाहिला. संताप होता, उदाहरणं होती, झेंडूसुद्धा होता. मागणी नव्हती.

सोमवारी मी ईशानच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हटलं, एकच मागणी आहे. उद्या दुपारी माझ्याबरोबर वाचनालयात ये. लॅपटॉप उघडायचा नाही, फक्त खेळायचं. तो म्हणाला, "दॅट्स इट?" मी म्हटलं, तेवढंच.

तो आला. मंडळींनी त्याला लगेच बसवून घेतलं. हे कोणाचे, गाव कुठलं, लग्न झालंय का, हे सगळं कवड्या पडायच्या आत विचारून झालं. गाव ट्रॉय, त्याने मराठीत सांगितलं. ते कुठे आलं, सांगलीकडे का, असं एका काकूंनी विचारलं. मावशी खिडकीशी होत्या, पण त्यांनी खुर्ची जरा टेबलाकडे वळवली होती. नवीन माणसाला हरताना बघायचं होतं.

आणि ईशान हरला. हरता हरता तो एक गोष्ट बघत राहिला. त्याच्या डिझाइनप्रमाणे सोंगटीवर बोट ठेवायचं, ओढत न्यायचं आणि हव्या त्या घरात सोडायचं. तिथे कोणीच तसं करत नव्हतं. सगळे घरं मोजत होते. प्रत्येक घरावर बोट टेकवत, मोठ्याने, "एक, दोन, तीन." मोजताना चुकत होते, मागे येत होते, कोणीतरी म्हणायचं, ते घर धरू नका हो, मग पुन्हा पहिल्यापासून. घाटपांडे काका तर फुलीच्या घरावर दोनदा बोट आपटत, एकदा मोजायला आणि एकदा खात्रीला. दरवेळी टेबल गोंधळायचं. पहिल्याच टकटकीला सोंगटी सोडायचं आणि मग ती उचलून परत आणावी लागायची. हा त्रास सगळ्यांनाच होता. चांगल्या स्थिर हातांनासुद्धा. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून कोणी बोललं नव्हतं, आणि मीही इतके मंगळवार ते बघत आले होते.

"व्हाय डू दे ऑल टॅप?" ईशानने मला हळूच विचारलं.

उत्तर खिडकीजवळून आलं. "कापडावर सोंगटी वढत नेली तं कापड गोळा होते, पोरा. उचलून, मोजून ठेवा लागते. आन् मोजलं नाही तं समोरचा म्हणते खोटं चालला."

ईशानने खुर्ची खिडकीकडे वळवली. मग त्याने मावशींना विचारलं, त्याच्या तुटक मराठीत, की सोंगटी कुठे ठेवायची ते पक्कं झालं, हे समोरच्याला कसं कळतं?

"हात उचलला की," मावशी म्हणाल्या. "हात पटावर आहे तवर विचार चालू आहे. हात उचलला, चाल झाली. मग बाप आला तरी बदलत नाही."

हे त्यांच्यासाठी इतकं उघड होतं की आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. ईशान परतताना गाडीत स्वतःशीच पुटपुटत होता. लाल सिग्नलला मला म्हणाला की माझा फिल्टर एकेक स्पर्श तपासत बसला होता, त्याऐवजी तो फक्त हात उचलायची वाट बघत थांबला असता तर?

त्याने जे केलं ते साध्या शब्दांत असं. टेबल आता एकेक स्पर्श तपासून हा बरा, हा वाईट असं करत नाही. हात काचेवर आहे तोवर ते गप्प राहतं. तुम्ही टेकवा, मोजा, चुका, मागे या, थरथरा. सगळे स्पर्श ते जमा करून ठेवतं. हात काचेपासून दूर गेला की ते बघतं की शेवटी शेवटी सगळ्यांत जास्त स्पर्श कुठल्या घरावर पडले, आणि सोंगटी तिथे ठेवतं. हे सगळ्यांसाठी सारखंच. सेटिंग नाही, चित्र नाही. घाटपांडे काकांची टकटक आणि मावशींचा कंप, दोन्हींना तोच नियम.

लॉरा म्हणाल्या, टेबल जरा हळू वाटेल. वाटणारच होतं. शेवटी असं ठरलं की खेळणाऱ्यांसमोर चालवून बघू, जमलं तर हे, नाहीतर टेबलाने चालवायचं. दिवस ठरला कोजागरीचा.

इथली कोजागरी शनिवारी दुपारी असते, कारण वाचनालय पाचला बंद होतं. दूध घरून आटवून थर्मासमध्ये आणायचं, झाकणाच्या कपात प्यायचं, आणि चंद्र ज्याचा त्याने मग आपापल्या ड्राइव्हवेमधून बघायचा. त्या दिवशी पाऊस होता, त्यामुळे चंद्राचा प्रश्नच मिटला. लॉरा आल्या होत्या. त्यांनी मसाला दूध प्यायलं, केशराची काडी दातात अडकली म्हणून ती काय आहे ते विचारलं, आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

मावशींना मी टेबलाशी बोलावलं नव्हतं. ईशानने बोलावलं. तो खिडकीशी गेला आणि म्हणाला, आजी, एक खुर्ची रिकामी आहे, मला बदला घ्यायचाय. 'बदला' हा शब्द त्याने पाठ करून आणला होता. मावशींनी शालीचं टोक खोचलं आणि उठल्या.

चौघं बसले. मावशी, घाटपांडे काका, ईशान आणि आणखी एक काकू. पहिल्या काही चाली मावशी बेतानेच खेळल्या. बोट टेकवायच्या, हात थरथरायचा, टेबल गप्प. हात उचलायच्या, सोंगटी जिथे जायची तिथे जायची. त्या काहीच बोलत नव्हत्या. चालीगणिक त्या टेबलाकडे एकदा संशयाने बघत, दुकानातल्या तराजूकडे बघावं तसं. चौथ्यापाचव्या चालीला त्या काकूंना म्हणाल्या, तुमची ती सोंगटी तिथं नका ठेवू, नाहीतर रडाल. मी भिंतीशी उभ्या असलेल्या लॉरांकडे पाहून मान डोलावली. मावशी परत आल्या होत्या.

मग ईशानची सोंगटी आतल्या घरांच्या तोंडाशी आली. एका घराने फुली चुकली होती. मावशींनी फुंकर घातली, तळहात फिरवला. तीन. त्यांच्या दोन सोंगट्या चालू शकत होत्या. एक सुरक्षित फुलीवर जात होती. दुसरी तीन घरांवर थेट ईशानवर. ही दोन्ही घरं शेजारी शेजारी होती.

मावशींनी काचेवर हात ठेवला. एक. दोन. तिसऱ्याला बोट थरथरायला लागलं, या घरावरून त्या घरावर, पुन्हा या. सगळे थांबले. घाटपांडे काकांना राहवेना. "अहो, ठरवा की," ते म्हणाले.

"हात उचलला का मी?"

"नाही."

"मग?"

टेबलसुद्धा थांबलं होतं. ईशान पुढे वाकून काचेकडे बघत होता, आणि त्याला आपल्या सोंगटीची काळजी वाटतेय की आपल्या कामाची, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. मावशींनी हात तसाच ठेवून बसल्या बसल्या दुधाचा कप डाव्या हाताने घेतला, एक घोट घेतला, कप बाजूला ठेवला. मग उजवा हात उचलला.

ईशानची सोंगटी उडाली आणि त्याच्या पहिल्या घरात जाऊन पडली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. ईशान टेबलाला म्हणाला, "आय मेड यू!"

पण लगेच तो गंभीर झाला. बोट तर दोन्ही घरांवर फिरलं होतं. टेबलाने नीट वाचलं होतं, की नशिबाने लागलं होतं? तो मावशींना म्हणाला, आजी, खरं सांगा, तुम्हाला इथेच ठेवायची होती ना? की चुकून झालं? चुकून झालं असेल तर मला दुरुस्त करावं लागेल. टेबलाभोवतीची मंडळी पुढे वाकली. लॉरांना शब्द कळले नव्हते, तरी त्याही भिंत सोडून पुढे आल्या. मावशी नाही म्हणाल्या असत्या तर पुढच्या महिन्यापासून टेबलच सगळ्यांसाठी खेळणार होतं.

मावशींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरा," त्या म्हणाल्या, "साठ वर्षं झाली पट खेळून राह्यली मी. माह्या हातनं आजवर कोणी चुकून मेलं नाही."

ईशानने मला भाषांतर करायला सांगितलं नाही. त्याला कळलं होतं. मी लॉरांना सांगितलं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की वाचनालयातल्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, ठीक आहे, टेबल आपलं आपण काही चालवणार नाही.

मला एक रुखरुख आहे, ती सांगून टाकते. नवा फिल्टर आता आमच्या सगळ्या टेबलांवर गेला आहे, वृद्धाश्रमांत, दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्यांत, ट्रॉयच्या त्या कापलेल्या प्लॅस्टिकखालीसुद्धा. टेबलं रातोरात सुधारली. पण ज्या कोणा आजोबांनी, आजींनी कुठेतरी काचेवर दोनदा बोट लावून पाहिलं, आपल्याच हाताला दोष दिला आणि जे खिडकीशी जाऊन बसले, त्यांना परत बोलवायला कुठला प्रोग्रॅम जाणार? तिथे माणूसच लागतं. म्हणून मी आता टेबल बसवायला गेले की आधी खिडकीशी कोण बसलंय ते बघते. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, युनियनचं काम यालाच म्हणतात.

कोजागरीचा तो डाव मात्र अजून चालू होता. ईशानच्या सोंगटीनंतर पाळी घाटपांडे काकांची. त्यांनाही तीनच पडले. तीन घरं कुठल्याही सोंगटीने गेलं तरी मावशींच्या तावडीत सापडणार, असा प्रसंग. काकांनी एका सोंगटीवर बोट ठेवलं, काढलं नाही. मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्या सोंगटीकडे बघितलं. हात काचेवर, टेबल गप्प. पाच वाजत आले होते.

मावशींनी शाल सारखी केली, आपला थरथरता हात हळूच टेबलावर पुढे केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं,

"घाटपांडे, मी हलवून देऊ का हो तुमची?"